भोंग्यातलं अकरावं नाव

“अरे रुपराव, पास दे गा! चेंडू का घरी न्याचा हाय?”

कितीतरी वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. आवाज मनकर्णाबाईचा, आणि ज्यातून तो मैदानभर गेला तो मी. मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. माझ्यात बॅटरी नाही, तार नाही, बटण नाही. एका बाजूला लहान तोंड, दुसऱ्या बाजूला मोठं. लहान तोंडाशी माणसानं बोलायचं आणि मोठ्या तोंडानं मी ते जगाला ऐकवायचं. आज मला गंज चढला आहे, काठ दुमडला आहे. पण मला कोणी ‘बिचारा’ म्हणू नये. बिचाऱ्याला आवाज नसतो. मला आहे.

माझा जन्म गोडेतेलाच्या रिकाम्या पिप्यातून झाला. मनकर्णाचा नवरा धोंडबा हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा कापायचा आणि सुट्टीच्या दिवशी सक्करदऱ्याच्या तलाव फुटबॉल क्लबकडून गोलकीपर म्हणून उभा राहायचा. मनकर्णा सामना बघायला जायची आणि इतकी ओरडायची, की पुढचे दोन दिवस घरात खुणेनं बोलायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत धोंडबानं पिपा कापला, वळवला, कडा ठोकून गुळगुळीत केल्या आणि मला घरी आणून तिच्या हातात दिलं.

“घे. आता गळा नोको फाडू, याले फाडू दे.”

“अन् याचा आवाज माह्याहून मोठा झाला तं?”

“तं मी दोघायसमोर चूप.”

ती हसली. तिचं ते पहिलं हसू माझ्या पोकळीत पडलं. त्या दिवशी मी पत्र्याचा भोंगा झालो.

बाई मैदानावर येते, तीही भोंगा घेऊन! सक्करदऱ्यात तेव्हा हे नवल होतं. कठड्यावर बसलेले पुरुष म्हणायचे, “काही लाज हाय का नाई या बाईले?” मनकर्णा मला त्यांच्याकडे वळवायची आणि म्हणायची, “लाज घरी ठेवली हाय. गोल होऊ द्या, मंग आणीन.” मी ते कठड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचवायचो. मला भारी आनंद व्हायचा.

पण घरी सासू होती, प्रयागबाई. तिनं सुनेला अडवलं नाही. फक्त चुलीपाशी बसून एक अट घातली.

“जाय मैदानावर. वरड काय वरडाचं ते. पण नवऱ्याचं नाव त्या डबड्यातून निघालं तं त्या दिवशी तुह्यं मैदान बंद. हळदीकुंकवात उखाण्यात घेतं, तेवढं पुरे.”

मनकर्णानं कबूल केलं. मैदान तिला सोडायचं नव्हतं. ही गोष्ट त्या दोन बायकांत आणि माझ्यात राहिली; धोंडबाला कोणी सांगितली नाही. पुरुषाला असलं काही सांगायचं नसतं, असं प्रयागबाईचं मत होतं.

मग सुरू झाली माझी खरी वर्षं. मनकर्णाची आई जात्यावर ओव्या गायची. मनकर्णा मैदानावर गाऊ लागली. तिचे लाडके खेळाडू ठरलेले होते आणि प्रत्येकाला तिनं ओवी बांधून दिली होती. उजव्या बाजूनं पळणारा रुपराव. चेंडू मिळाला की त्याला सोबतचे दहा जण दिसेनासे व्हायचे.

“रुपरावाच्या गं पायात बांधली वीज,
कामठीच्या पोरायची उडवली नीज!”

बचावाला गिरिधर. अंगानं आडवा, चालीनं संथ, पण त्याला ओलांडून जाणारा क्वचित. तो उभा राहिला की मनकर्णा म्हणायची,

“गिरिधर उभा जसा चिंचेचा गं बुंधा,
धडकला तो बसला, विसरला धंदा!”

आणि रामाजी. बुटका, डावखुरा, समोरच्याला वेडावून दाखवत पुढे जाणारा. पंच त्याच्यावर ओरडले की मनकर्णा पंचांवर ओरडायची. “त्याचं तोंडच तसं हाय, पंचसाहेब! त्याच्या मायले विचारा!” असे दहा जण होते. दहांच्या दहा ओव्या माझ्या पत्र्याला पाठ झाल्या होत्या.

अकरावा धोंडबा. त्याला ओवी नव्हती. त्याला होती फक्त हाक, “अहो गोलवाले, संभाळा!”

मला मात्र एक गोष्ट माहीत होती, जी त्या मैदानावर दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. समोरून चढाई आली की मनकर्णाचे ओठ माझ्या लहान तोंडाला टेकायचे आणि हलायचे. श्वास यायचा, आवाज यायचा नाही. तीन अक्षरं हलायची, माझ्या काठापाशी थांबायची आणि परत तिच्या पोटात जायची. मग ती मोठ्यानं ‘गोलवाले’ म्हणायची.

मित्रांनो, मग तो कामठीबरोबरचा अंतिम सामना आला. धोंडबानं त्या दिवशी दोन असे गोल अडवले, की विरोधकांनीही कपाळाला हात लावला. पण शेवटी एक साधा, हळू लोळत आलेला चेंडू दगडावर उडाला आणि त्याच्या दोन पायांमधून आत गेला. क्लब सामना हरला. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी धोंडबाचं नाव ठेवलं, ‘बोगदा’. पानठेल्यावर बोगदा, कंपनीच्या बसमध्ये बोगदा. आधी अडवलेले ते दोन गोल कोणाच्या तोंडी आले नाहीत. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो. एका लोळत्या चेंडूवरून माणूस मोजायचा?

धोंडबानं खेळणं सोडलं. मनकर्णाचं मैदानावर जाणं कमी झालं. मग मैदानात लाउडस्पीकरचे मोठाले डबे आले, तारांचे, धडधडणारे. मला घरात ज्वारीच्या कोठीवर ठेवलं. पोत्यात धान्य ओतायला नरसाळं म्हणून माझा उपयोग होऊ लागला. ज्या गळ्यातून ओव्या गेल्या त्यातून ज्वारी गेली. एका पावसाळ्यात तर कोंबडीच्या पिलांवर झाकण म्हणून मला पालथं घातलं. पिलं आतून चिवचिवायची. मी त्यांचाही आवाज मोठा करून दिला. सवय जात नाही. प्रयागबाई केव्हाच गेली, पण मनकर्णानं दिलेला शब्द काही परत घेतला नाही.

या वर्षी क्लबचा सुवर्णमहोत्सव आला. क्लबचा नवा सचिव ओमप्रकाश घरी आला. बोलणं गोड, घाई मोठी.

“काकू, तुम्ही क्लबच्या सगळ्यात जुन्या चाहत्या. तुमचे आवडते अकरा तुम्हीच भोंग्यातून सांगा. तीच नावं मैदानाच्या नव्या भिंतीवर रंगवू.” मग त्यानं आवाज खाली आणला. “फक्त गोलकीपर आम्ही ठरवला हाय, नंतरच्या काळातला. काका आपलेच हायेत, पण लोकं हसतीन. समजून घ्या.”

‘काका’ बाजूच्याच खाटेवर बसला होता. वय झालं तरी कान शाबूत. ओमप्रकाश गेल्यावर तो म्हणाला,

“बरोबर बोलला तो.”

“काय बरोबर?”

“तू तरी कुठं घेतलं माह्यं नाव कधी? दहा जणायच्या ओव्या केल्या. मी भोंगा करून देला, अन् त्यातून मलेच ‘गोलवाले’. तुलेही बोगदाच वाटलो ना मी?”

एवढ्या वर्षांचं उत्तर खाटेवर बसून देण्यासारखं नव्हतं. मनकर्णा उठली, तिनं कोठीवरून मला काढलं आणि अंगणात बसून राखेनं घासलं. जोरात घासलं. मला दुखलं, पण मी कुरकुर केली नाही.

“उद्या चला,” ती अंगणातूनच ओरडली.

“मी नाई येत.”

“मंग मीही नाई जात. मंग त्याईनं कोणाचंही नाव भिंतीवर लिहावं. चालते तुम्हाले?”

तो आला. टोपी खाली ओढून सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला.

मित्रांनो, माझ्या वयाची वस्तू साधारण इथं हात जोडते आणि म्हणते, आम्हाला जपा, भंगारात देऊ नका. मी हात जोडणार नाही. मला जपायचं तर वापरा. माझा गंज राखेनं निघतो. पण तुमच्या ओठांपाशी एखाद्याचं नाव अडून बसलं असेल, तर त्याला गंज चढू देऊ नका. तिथं राख चालत नाही. ज्याचं कौतुक करायचं आहे तो ऐकायला बसलेला आहे तोवर करा, आणि मोठ्यानं करा. लोक हसले तर माझ्याकडे या. हसणाऱ्यांपेक्षा मोठा आवाज कसा काढायचा, ते मी शिकवीन.

संध्याकाळी मैदान भरलं होतं. मनकर्णाबाई मंचावर चढली. ओमप्रकाशनं माईक पुढे केला, तिनं तो कोपरानं बाजूला सारला आणि मला उचललं. रुपराव झाला, गिरिधर झाला, रामाजीच्या ओवीला तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकेक करत दहा नावं झाली. टाळ्या ओसरल्या.

“आता गोलकीपर,” ओमप्रकाश घाईनं म्हणाला. “तो आम्ही...”

“तू खाली बस गा.”

मागून कोणीतरी हळूच “बोगदा” म्हणालं, दोघेतिघे हसले. शेवटच्या खुर्चीवरची टोपी आणखी खाली गेली. मनकर्णाबाईचे ओठ माझ्या तोंडाला टेकले. तीच तीन अक्षरं हलली. मी श्वास रोखला. पुढे बसलेल्या बायकांपैकी एक ओरडली, “घ्या नं काकू, उखाण्यात घ्या!”

“उखाणा नाई वं,” मनकर्णाबाई माझ्यातून म्हणाली. “आज नुसतं नाव. सासूबाई, माफ करजा, शब्द मोडून राहिली. ऐका सगळे, अन् हसाचं असन तं मंग हसा. माह्या अकरात गोलमधी एकच माणूस उभा होता, आजही तोच हाय. धोंडबा! धोंडबा! माहा धोंडबा!”