गादीवरचा पेला

सव्वीस वर्षे ते दोघे एकाच गादीवर झोपले, पण एकत्र असे फारसे झोपलेच नाहीत.

तो शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात कायमचा रात्रपाळीला. रात्री नऊला डबा घेऊन निघे आणि सकाळी सातला दार वाजवी. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तोवर ती नुकतीच उठलेली असे, दोघांचा चहा होई, साडेसातला तो अंथरुणात शिरे आणि आठला ती घराबाहेर पडे. संध्याकाळी ती परतल्यावर आणखी दोन तास मिळत. घरातले सगळे बोलणे, मुलीचा अभ्यास, एखादे भांडण, सारे त्या दोन तासांत उरकायचे, तेही घड्याळाकडे एक डोळा ठेवून. सुट्टीच्या रात्रीही तो बाहेरच्या खोलीत जागाच राही, कारण झोपेची घडी एकदा विस्कटली की पुन्हा बसायला आठवडा जातो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. पंपघरातले सोबती त्याला घुबड म्हणत. मुलगी झाली तेव्हा त्यांनी, घुबडाला सवड कधी मिळाली, असे विचारून त्याला महिनाभर सतावले होते.

गादी मात्र दोघांच्या मापाची, चांगली रुंद. तिच्यावर ज्याच्या त्याच्या वेळी जो तो एकटाच, म्हणून ऐसपैस, मधोमध झोपे. परिणामी तिच्या दोन्ही कडा पहिल्या दिवसासारख्या कोऱ्या राहिल्या आणि मध्ये एकच खड्डा पडला. तिच्या रात्रींनी आणि त्याच्या दिवसांनी पाळीपाळीने खणलेला.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला, आणि पहिल्याच रात्री त्या खड्ड्याने दोघांनाही आपल्याकडे ओढले. एक डावीकडून घरंगळला, दुसरी उजवीकडून. कोपराला कोपर लागले, गुडघ्याला गुडघा. दोघांनी एकमेकांची माफी मागितली, जशी बसमध्ये अनोळखी माणसाची मागतात. असे पंधरा दिवस गेले. तिच्या झोपेचे खोबरे झाले, आणि त्याला तर रात्री झोपायचे असते हेच शरीराला समजावून सांगावे लागत होते.

सोळाव्या दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "गादी बदलायला हवी."

"हवी," तो म्हणाला.

"एक नको. दोन घेऊ. सुट्या सुट्या." तिने कपातल्या चहाकडे पाहिले. "मुलीची खोली रिकामीच आहे. तीही फोनवर तेच म्हणत होती."

"बघू," तो म्हणाला.

त्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही' असे दोघांनाही ठाऊक होते. पण 'नाही'च्या पुढे काय बोलायचे हे त्याला सुचले नाही. आयुष्यभर यंत्रांच्या घरघरीत काम केलेल्या माणसाला बोलण्याची सवय उरत नाही. त्याचे शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथेच गाळासारखे खाली बसत. आपल्याला एकच गादी हवी आहे एवढेच त्याला सांगायचे होते. का हवी आहे, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हते, आणि ते 'का' त्याने स्वतःशीही कधी मोठ्याने उच्चारले नव्हते.

तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ते गाद्यांच्या दुकानात गेले. लांबलचक दालन, पांढरा उजेड, आणि दोन्ही बाजूंना शुभ्र गाद्यांच्या रांगा, जणू कुणीच आजारी नसलेले एखादे रुग्णालय. दुकानातली बाई पन्नाशीची, अंगाने भरलेली, कानामागे पेन्सिल खोचलेली. तिने दोघांना आधी चपला काढायला लावल्या आणि मग डॉक्टरसारखी चौकशी आरंभली.

"झोपता कसे? कुशीवर की पाठीवर?"

"मी कुशीवर," ती म्हणाली. "आणि उजवा खांदा दुखतो."

"मी पाठीवर. कंबर धरते."

"म्हणजे बघा, तुमचा खांदा थोडा रुतायला हवा, आणि साहेबांच्या कमरेला खालून आधार हवा. फार मऊ घेतलीत तर कंबर बोलेल, फार कडक घेतलीत तर खांदा." बाईने कानामागची पेन्सिल काढली. "आणि बाजू? कोण कोणत्या बाजूला झोपतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"डावी, उजवी? भिंतीकडची, दाराकडची?"

"मधे," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी तीही म्हणाली, "मधे."

बाईची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. मग तिने, चष्मेवालीने, पाळ्यांचा सगळा इतिहास सांगितला. ती सांगू लागली की काही हातचे राखत नसे.

"असं आहे होय," बाई म्हणाली. "म्हणजे संसार दोघांचा आणि गादी आळीपाळीची. इतकी वर्षं दुकानात आहे, बाजूच नसलेलं जोडपं मी पहिल्यांदा बघतेय."

"म्हणूनच मी म्हणते, दोन सुट्या बघाव्यात," ती म्हणाली.

"आधी एक तर बघू," तो म्हणाला.

मग तिने सूत्रे हाती घेतली. अर्धे आयुष्य जिने लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलली, तिला निवड कशी करायची हे कुणी शिकवायला नको होते. तिने त्याला एका गादीवर आडवे केले, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"ही बरी, की आधीची बरी?"

"दोन्ही सारख्याच."

"सगळे तेच म्हणतात. घाई करू नका. परत दाखवते. ही... की ही?"

"हिच्यात खांद्याखाली दाब जास्त आहे. कमरेत पोकळी राहते."

"मग असं सांगा ना. आता ही, की ती?"

"बाई," दुकानवाली म्हणाली, "तुम्ही उद्यापासून इथं कामाला या."

अशा सात गाद्या झाल्या. शेवटी दुकानवालीने त्यांना दालनाच्या मध्यभागी, एका जाड आणि देखण्या गादीजवळ नेले. गादी फोमची होती, पण कोणत्यातरी नव्या जातीची. गादीच्या एका कडेला तिने लाकडाची लहान पाटी ठेवली, पाटीवर काचेचा पेला ठेवला आणि तो काठोकाठ भरला. मग वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली आणि आपल्या सगळ्या वजनानिशी धपकन बसली.

"बघा," ती विजयाने म्हणाली. "थेंब सांडला? हललं तरी का पाणी? एकानं रात्रभर कुशी बदलू द्या, दुसऱ्याला पत्ता लागत नाही. बाजूला कुणी झोपलंय हेच कळत नाही."

"हे बरं आहे," चष्मेवाली म्हणाली. "ही असेल तर एकच चालेल, मग दोन कशाला. अहो, तुम्हाला माझा काही त्रास नको." ती हे समजुतीने म्हणाली होती, तिच्या दृष्टीने तो तोडगाच होता.

तो पेल्यातल्या पाण्याकडे पाहत राहिला. निश्चल पाणी. इतके निश्चल की ते पाणी आहे हे समजायला उजेडाची मदत घ्यावी लागत होती.

पंपघरात त्याच्या खुर्चीसमोर दाबाचा एक काटा होता. मध्यरात्रीनंतर शहर झोपले की काटा थबकून राही. मग पहाटे साडेचारच्या सुमारास तो एवढासा थरथरे: कुठेतरी कुणीतरी पहिला नळ उघडलेला असे. तो थरथरला की त्याला हायसे वाटे. मैलोगणती नळांच्या पलीकडे माणसे आहेत याची ती पावती होती. कधी त्याआधीही, तीनच्या आसपास, काटा हलल्याचा भास होई. ते आपल्याच घरातले कुणी पाणी प्यायला उठले असेल, असे तो मानून घेई. एका पेल्याने अख्ख्या शहराचा काटा हलत नाही हे त्याच्याइतके चांगले कुणाला ठाऊक नव्हते. तरीही तो मानून घेई. आणि काटा फार वेळ अगदीच हलला नाही, तर तो उठून त्याच्या काचेवर टिचकी मारी. कारण न हलणारा काटा एकतर बिघडलेला असतो, किंवा पलीकडे कुणी उरलेले नसते.

"पाणी हलतं अशी कुठली आहे?" त्याने विचारले.

"म्हणजे?" दुकानवाली म्हणाली.

"हा पेला जिच्यावर हलेल, अशी गादी."

"आहे की. जुन्या पद्धतीची, स्प्रिंगची. शेवटच्या रांगेत. पण ती कुणी मागत नाही."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?" ती म्हणाली. "पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही, आणि हलणारी गादी मागताय?"

दुकानवालीने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. माणसांना आडवे करून त्यांचे खरे काढणे हाच तिचा धंदा होता. "असं करा," ती म्हणाली, "तिच्यावर दोघं दहा मिनिटं पडून बघा. दहा मिनिटं पडल्याशिवाय मी कुणाला विकत नाही." तिने पेला आणि पाटी उचलून शेवटच्या रांगेतल्या गादीच्या कडेला नेऊन ठेवली आणि दुसऱ्या ग्राहकाकडे निघून गेली.

ते दोघे पाठीवर पडले. वर छताचे पांढरे चौकोन. भर दुपारी, पायांत मोजे, हात छातीवर. कुणी पाहिले असते तर हसले असते.

"तुम्हाला एकट्यानंच झोपायला आवडतं," ती छताकडे पाहत म्हणाली. "त्यात लपवायचं काय?"

"असं कोण म्हणालं?"

"चादर म्हणाली."

मग ती सांगू लागली.

"सव्वीस वर्षं मी संध्याकाळी घरी येतेय. चादर ताठ, उशा फुगवलेल्या, खिडकी सताड उघडी. एक सुरकुती कधी सापडली नाही. सुरुवातीला वाटायचं, काय टापटिपीचा नवरा मिळालाय. दुकानात सगळ्यांना सांगायचे. मग पुढे पुढे वाटायला लागलं, या माणसाला आपली खूणसुद्धा मागे ठेवायची नाही. रोज रात्री मी अशा गादीवर झोपले, जिच्यावर दिवसभर कुणी नव्हतंच."

त्याला खाली स्प्रिंगचा एक बारीक कंप जाणवला. तिने श्वास सोडला होता.

"ग्रीसचा वास यायचा माझ्या अंगाला," तो म्हणाला. "तू म्हणालीस."

"मी? कधी?"

"पहिल्या वर्षी. चादरीला वास येतो म्हणालीस. म्हणून मग मी दुपारी तीनला उठलो की गादी उन्हात ओढायचो. चादर झटकायची. तुला वास नको."

"अहो, एकदा म्हटलं असेन."

"एकदाच म्हणालीस."

दुकानात कुठेतरी कुणीतरी किंमत विचारत होते.

"तू मात्र कधी आवरून ठेवली नाहीस गादी," तो म्हणाला.

"आवरायची कधी? तुमचा चहा, माझा डबा, बस. आता त्याचाही हिशेब काढणार?"

"नाही." शब्द पुन्हा गाळासारखे खाली बसू पाहत होते. या वेळी त्याने ते ढवळले. "पांघरूण तसंच फेकलेलं असायचं. त्याच्याखाली ऊब असायची. तू उठून अर्धा तास झाला तरी असायची. मी त्या खळग्यात शिरायचो. थंडीच्या दिवसांत पंपघरापासून जवळजवळ पळत यायचो, ती निवायच्या आत पोचावं म्हणून."

"मला वाटायचं, चहासाठी पळत येता."

"चहासाठीही."

ती हसली, अगदी थोडे, पण गादीने ते त्याच्या पाठीपर्यंत आणून पोचवले. मग त्याच्याकडे पाहायला ती कुशीवर वळली. कडेचा पेला थरारला, पाण्यावर एक वर्तुळ उमटले आणि एक ओघळ काचेवरून पाटीवर उतरला.

"कळलं," तो छताकडे पाहतच म्हणाला.

"काय कळलं?"

"तू वळलीस ते."

"इश्श, मी समोर तर आहे," ती म्हणाली. मात्र ती पुन्हा सरळ झाली नाही.

दहा मिनिटांची वीस झाली. दुकानवाली परत आली तेव्हा ती उठून बसली होती आणि तिच्यातली चष्मेवाली जागी झाली होती. "ही नको," ती म्हणाली. "हिच्यात माझा खांदा दुखतोय आणि पाणीही सांडतंय. हिच्या आणि त्या फोमच्या मधली दाखवा. हलेल, पण सांडणार नाही."

अशी एक निघाली: आत स्प्रिंगा, वर रबराचा चार बोटे थर. तिच्यावर तो आडवा झाला, कंबर टेकली. ती कुशीवर झाली, खांदा हवा तेवढाच रुतला. दुकानवाली कडेला बसली तेव्हा पेल्यातले पाणी शहारले आणि स्थिर झाले.

"आधीची बरी, की ही बरी?" चष्मेवालीने त्याला विचारले.

"ही," तो म्हणाला. या वेळी त्याला दोन्ही सारख्या वाटल्या नाहीत.

"एकच ना?" दुकानवालीने पेन्सिल सरसावली. "आणि बाजू काय लिहू?"

"ते आमचं आम्ही बघू," ती म्हणाली.

गादी दोन दिवसांनी घरी आली. जुनी घेऊन जाणाऱ्या दोघा हमालांनी ती दारातून उभी काढली तेव्हा उजेडात मधला खड्डा दोघांनीही पाहिला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. किती घेतल्या, या तिच्या प्रश्नाला आईने 'एक' एवढेच उत्तर दिले आणि लगेच दुसरा विषय काढला.

पहिली रात्र सगळीच्या सगळी झोपेत गेली, असे म्हणणे खोटे ठरेल. तो दोनदा जागा झाला. दोन्ही वेळा पलीकडून एक मंद हालचाल त्याच्यापर्यंत येऊन विरली, आणि काचेवर टिचकी मारावी असे काही त्याला वाटले नाही.

सकाळी सातला, दार वाजवायची वेळ झाली तेव्हा, त्याला आपोआप जाग आली. तो उठला. सवयीने त्याचा हात चादरीकडे गेला, सुरकुती ताणण्यासाठी तिचे टोकही त्याने चिमटीत धरले. मग सोडून दिले. पांघरूण अर्धवट उलटे पडले होते. तेही त्याने तसेच राहू दिले, आणि खिडकी लावलेलीच ठेवली.

स्वयंपाकघराच्या दारातून त्याने मागे वळून पाहिले. ती डोळे न उघडताच सरकत सरकत त्याच्या जागेवर आली होती आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेत होती.

त्याने चहाचे भांडे घेतले आणि नळ उघडला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक काटा या क्षणी थरथरला असेल, असे त्याने मानून घेतले.