पिवळ्या पायांची कोंबडी

लॉइड स्टाउफरनं कोंबडी काखेत दाबली, दोन बोटांनी तिची चोच उघडली आणि औषधाची पिचकारी आत सरकवली. कोंबडीनं औषध घेतलं, जरा वेळ शहाण्यासारखी गप्प राहिली आणि मग सगळंच्या सगळं त्याच्या चष्म्यावर शिंकरलं.

"उडव," तो म्हणाला. "आणखी उडव. तुझ्या बापाचाच माल आहे."

त्याची बायको ट्रूडी खुराड्याच्या दाराशी जुना टॉवेल घेऊन उभी होती. तिनं चष्मा काढून घेतला, पुसला आणि परत त्याच्या नाकावर बसवला. "पुरे आता. थंडी आहे. आत चल."

"तिच्या पोटात थोडंच गेलंय."

"थोडं तर थोडं. तू आत चल, लॉइड."

तो आत गेला नाही. पुन्हा पिचकारी भरली. कोंबडीच्या उजव्या डोळ्यात साबणासारखा फेस आला होता आणि घसा आतून घरघरत होता. ही घरघर आता त्याच्या झोपेत यायला लागली होती.

लॉइडनं सगळं आयुष्य फ्रिज दुरुस्त करण्यात घालवलं होतं. हॉटेलांचे, खाटकांचे, डेअऱ्यांचे. बंद पडलेल्या यंत्रावर कान ठेवून तो सांगायचा, गळती कुठे आहे. त्याच्या लेखी बिघाड म्हटला की त्याला कारण असणार, आणि कारण सापडलं की काम झालं. जे सापडत नाही ते नीट शोधलेलं नाही, एवढंच. निवृत्तीच्या वर्षी वसंतात त्यानं राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांची पिल्लं आणली, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्याच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक वस्तूवर जणू "लॉइडनं उचलू नये" अशी चिठ्ठी लागली. लाकडं उचलायची नाहीत, बर्फ ओढायचा नाही, सकाळच्या गारठ्यात बाहेर पडायचं नाही. सकाळी खुराडं ट्रूडी उघडायची. त्याच्या वाट्याला उरल्या होत्या संध्याकाळच्या कोंबड्या, आणि त्याही बऱ्या व्हायला तयार नव्हत्या.

त्यानं काय केलं नव्हतं? भुसा बदलला. खुराड्याला वरून भोकं पाडून हवा खेळती केली. कोंदट हवेनं होत असेल म्हणून पावडर टाकली, किडे असतील म्हणून दुसरी पावडर टाकली. पाण्यात व्हिनेगर घातलं, खाण्यात लसूण घातली. चिमण्यांनी आणलं असेल म्हणून चिमण्यांसाठी टांगलेला दाण्याचा डबा काढून टाकला, त्यावर शेजारीण महिनाभर बोलली नाही. मग प्रतिजैविक. ते सुरू असेतो अंडी खायची नाहीत, म्हणून टोपलीच्या टोपली अंडी कचऱ्यात. दोन आठवडे सगळं शांत. तो ट्रूडीला म्हणायचा, "बघ, काय तरतरीत दिसतेय. औषधानं तरणी झाली." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शिंक.

खाद्याच्या दुकानातला ग्लेन त्याचा शाळेपासूनचा मित्र. लॉइड दारातून आत आला की तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "सरका, सरका, डॉक्टर आले."

"तुझ्याकडे ते पाण्यात टाकायचं औषध आहे का?"

"आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, तुला शंभरदा सांगितलं. लॉइड, तुझ्या कोंबड्यांची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी माझी बायको माझी घेत नाही. सूप कर एकेकीचं आणि मोकळा हो."

"कारण कळल्याशिवाय नाही."

"कारण काय कळायचंय? कोंबडी आहे ती. मरणं हाच तिचा धंदा."

लॉइड काहीच न घेता परत आला. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गावात होते, पण कोंबडी म्हटलं की फोनवरची मुलगी हसू दाबायची. शेवटी तासाभराच्या अंतरावर एक डॉक्टर मिळाली, डॉक्टर कोल्टर. तिनं एकदा येऊन घशातले नमुने नेले. निकाल आल्यावर तिनं दोघांना बोलावलं आणि एक-दोन पक्षी सोबत आणायला सांगितलं. लॉइडनं दोन निवडल्या: सगळ्यात आजारी एक आणि ठणठणीत एक. बिघडलेलं यंत्र चालू यंत्राशेजारी ठेवून पाहायचं, ही त्याची जुनी रीत. ट्रूडीनं रात्रीच सांगितलं होतं की तिला यायचं नाही. सकाळी मात्र ती कोट घालून ट्रकमध्ये बसून राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टर कोल्टरनं कोंबडी टेबलावर घेतली. वयानं तिशीची असेल, पण हात सवयीचे होते. कोंबडी लगेच गप्प झाली.

"श्वासाचा आजार आहे, मिस्टर स्टाउफर. जंतू सापडला. वाईट बातमी ही की तो एकदा शिरला की जात नाही. औषधानं दबतो. वरून बरी दिसणारी कोंबडीसुद्धा तो आयुष्यभर बाळगते."

"म्हणजे माझं औषध चुकीचं नव्हतं."

"नव्हतं. पण मला एक कळत नाही. जुना कळप असला की हा आजार हळूहळू निवतो. अंगवळणी पडतो म्हणा. तुमच्याकडे दर थोड्या दिवसांनी नव्यानं पेटतोय. तुम्ही बाहेरून पक्षी आणता का?"

"एकही नाही. सगळ्या एकाच खोक्यातून आलेल्या आहेत. पिल्लं होती तेव्हापासून माझ्या हातच्या."

डॉक्टरनं आजारी कोंबडी उलटी धरली आणि तिच्या पायांवरून अंगठा फिरवला. "ही पण?"

"ही पण."

"हिचे पाय बघा. पिवळेधमक. या जातीत अंडी घालायला लागल्यावर पायांचा पिवळा रंग उतरत जातो. दोन वर्षं घालणारीचे पाय पांढुरके पडतात."

"आजारात अंडी बंद झाली की रंग परत येतो," लॉइड म्हणाला. त्यानं हे वाचलं होतं, आणि वाचलेलं वाया जाऊ देणारा तो नव्हता.

"येतो, बरोबर आहे. पण खवले नवे होत नाहीत." तिनं दुसरी कोंबडी शेजारी घेतली. तिच्या पायाचे खवले जाड, खरखरीत होते. पहिलीचे पाय नुकत्याच धुतलेल्या बशीसारखे गुळगुळीत. "ही कोंबडी वर्षाचीही नाही, मिस्टर स्टाउफर. आणि ही दुसरी तुमच्या पिल्लांपेक्षा बरीच म्हातारी आहे. माझी खात्री आहे."

लॉइडनं तोंड उघडलं. असं होणं शक्य नाही, असं तो म्हणणार होता. मग सवयीनं त्यानं ट्रूडीकडे पाहिलं, कारण इतकी वर्षं कुणी मूर्खासारखं बोललं की तो आधी तिच्याकडे पाहायचा. ट्रूडी भिंतीवरच्या कुत्र्याच्या दातांचं चित्र पाहत होती. मांडीवरची पर्स तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

दर शनिवारी ती लिलावाच्या बाजारात भाजी आणायला जायची. त्या बाजारात मागच्या शेडमध्ये सशांचे, बदकांचे, कोंबड्यांचे पिंजरे असतात, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पट्ट्यांच्या कोंबड्या तिथे कधीही मिळतात, आणि कुठलीही एक दुसरीसारखीच दिसते.

"हो," लॉइड म्हणाला. "आणल्या मी. बाजारातून. विसरलोच होतो."

डॉक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "विसरलात? तुम्हाला मी फोनवर विचारलं होतं, इथे विचारलं..."

"माझी चूक आहे. वय झालं."

सबंध आयुष्यात निदानात चूक झाली असं त्यानं कुणासमोर कबूल केलं नव्हतं, झाली असली तरी. डॉक्टरनं त्याला चांगलंच सुनावलं. बाजारातला प्रत्येक पक्षी आजार आणू शकतो, आणि आत आलेला नवा पक्षी आजारी पडणारच. तुम्हीच आग लावता आणि तुम्हीच पाणी ओतता. आता मार्ग दोन. सगळ्या मारायच्या, खुराडं धुऊन काही आठवडे रिकामं ठेवायचं आणि नव्यानं सुरुवात करायची. नाही तर कळप बंद करायचा: बाहेरचं आत नाही, आतलं बाहेर नाही, आहेत त्या जगतील तेवढ्या जगतील. लॉइड मान खाली घालून ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

ट्रकमध्ये बसल्यावर त्यानं किल्ली फिरवली नाही. मागच्या सीटवर खोक्यात कोंबड्या खुडखुडत होत्या.

"किती?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही."

"ट्रूडी."

"खरंच माहीत नाही. आपली एखादी असेल उरलेली. मलाही आता ओळखू येत नाहीत."

मग त्याचा बांध फुटला. दीड वर्ष तो वेड्यासारखा पुस्तकं चाळत होता. खुराड्याला भोकं पाडत होता. शेजारणीशी भांडला, ग्लेनची टिंगल सोसली, ढिगानं अंडी फेकली, आणि रोग दर शनिवारी त्याच्याच गाडीतून, त्याच्याच पेट्रोलवर घरी येत होता. "भाजी!" तो म्हणाला. "कोबीच्या खाली ठेवायचीस का त्यांना?"

"पोत्यात."

"पोत्यात," तो म्हणाला. "आणि मी म्हणायचो तरतरीत दिसतेय, तरणी झाली. तू तिथे उभी राहून ऐकायचीस. हसायचीस मनातल्या मनात?"

"हसत नव्हते."

"मग का? एक मेली तर मेली सांगायचं. मी काय लहान मूल आहे?"

ट्रूडीनं पर्स उघडली, आत काही शोधलं नाही, पुन्हा बंद केली. "तू दवाखान्यात होतास तेव्हा पहिली ससाण्यानं नेली. त्याच दिवशी. तुला आत घेऊन गेले आणि मी कपडे आणायला घरी आले, तर अंगणात नुसती पिसं."

"मग?"

"स्ट्रेचरवर तू काय म्हणालास ते आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं. त्याला त्या सकाळचं छत आठवत होतं, आणि पाय गार पडले होते ते.

"म्हणालास, रडू नकोस. त्या कोंबड्या आहेत तोवर मी कुठे जात नाही. त्यांच्याकडे बघ म्हणजे झालं."

"मी गंमत केली असेल."

"गंमतच केलीस. ती नर्ससुद्धा हसली." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी पिसं गोळा केली आणि तशीच बाजारात गेले. जी मिळाली ती आणली. ती शिंकत होती, लॉइड. पोत्यातसुद्धा शिंकत होती. मला वाटलं, धूळ असेल."

समोरून एक बाई मोठ्या कुत्र्याला ओढत दवाखान्यात नेत होती. कुत्रं पायरीवर बसून राहिलं. लॉइड ते पाहत राहिला. राग अजून होता, छातीत टाक्यांच्या जागी खुपत होता, पण आता तो कुणावर ठेवावा हे त्याला कळेना.

"आता पुढे काय?" ट्रूडीनं विचारलं.

"मारायच्या नाहीत."

"बरं."

"पण नवी आणायची नाही. एकही नाही."

तिनं मागे वळून खोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे एकेक करून..."

"हो."

"आणि आपण नुसतं बघायचं."

"बघायचं. आणि मेली की मला येऊन सांगायचं. मागच्या मागे पुरायची नाही." त्यानं किल्ली फिरवली. "तेवढं जमव."

ती जमवते म्हणाली नाही. नाही असंही म्हणाली नाही. घरी पोचेपर्यंत मागे एकदाही शांतता नव्हती, आणि त्याबद्दल दोघंही मनातून त्या कोंबड्यांचे आभारी होते.

त्यानंतर पहिल्या शनिवारी ती घरातच राहिली. तिनं दोनदा ओटा पुसला आणि त्याच्याशी कारण नसताना भांडली. दुसऱ्या शनिवारी लॉइड स्वतः बाजारात जाऊन भाजी घेऊन आला, आणि कोबी चांगला नाही म्हणून ती पुन्हा भांडली. औषध त्यानं बंद केलं होतं. शिंका थोड्या कमी झाल्या होत्या, की तो मोजायचा थांबला होता, कोण जाणे.

एप्रिलमध्ये, जमीन मऊ झाल्यावर, एका सकाळी ट्रूडी बाहेरून आली ती दारातच थांबली. लॉइड दुधात ओट्स कालवत होता.

"एक गेली," ती म्हणाली. एवढंच म्हणताना तिला दाराची चौकट धरावी लागली.

त्यानं वाटी बाजूला सारली, कोट चढवला, बूट घातले. बाहेर गारठा होता. त्याला बाहेर येऊ नको असं ती म्हणाली नाही. कोंबडी तिनं स्वच्छ पोत्यावर ठेवली होती. पाय पांढुरके होते, खवले खरखरीत. मूळची असेल, नसेलही. सफरचंदाच्या झाडामागे ट्रूडीनं खड्डा खणला, आणि तो शेजारी उभा राहून सांगत राहिला, कडेनं घे, मूळ आहे, आणखी खोल. ती त्याला म्हणाली, तोंड बंद ठेव. मग दोघांनी मिळून कोंबडी आत ठेवली आणि तिनं माती ओढली.

माती दाबून झाल्यावरही ती फावड्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"मला फार भीती वाटते, लॉइड," ती म्हणाली.

तो काही तरी गंमत करणार होता. ओठांवर आलेलीही होती.

"मलाही वाटते," तो म्हणाला.