चोवीस भोकांची चकती

हिरव्या पाकिटातले मक्याचे कुरकुरे, दाते कापायच्या मिलिंग मशीनच्या डोक्यावर ठेवलेले. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून, तैवानातल्या रिवाजाप्रमाणे. मुदत संपायच्या आत पाकीट बदलायचे.

मेहुणीच्या शेवयांच्या यंत्राचे एक चक्र. दाते चोवीस, त्यांतले तीन मोडलेले.

मार्च महिना, दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "काका, एक घड्याळ काढा बरं. आकड्यांसकट." योंग-फाने काढले. त्यांनी ते जरा जास्तच वेळ निरखले.

मुलगी पेइ-रू, ताइपेहून फोनवर: "बाबा, मेंदूचा झटका येऊन गेलाय तुम्हाला. मोजण्यात एकदा जरी चुकलात, तर मशीन विकायचं. कबूल?"

"कबूल."

योंग-फाने शेवटच्या भोकापाशी आकड्याचा पंच टेकवला आणि हातोडीचा एकच ठोका दिला.

घराच्या तळमजल्यावरच त्याचे वर्कशॉप होते. पूर्वी तो हँडलचे फेरे मनात मोजत दाते पाडायचा. झटक्यानंतर फेरे मध्येच निसटू लागले. म्हणून हे फिक्स्चर: कडेला चोवीस भोके असलेली पोलादी चकती आणि तिच्यात बसणारी स्प्रिंगची खिटी. खिटी टक्कन बसली की एक दाता कापायचा, मग पुढचे भोक. मोजायचे कामच नाही. भोकांच्या जागासुद्धा त्याने मोजून काढल्या नव्हत्या. चकतीच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापली, घडी घालून तिचे तीन सारखे भाग केले, मग निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी. उलगडून चकतीभोवती चिकटवली आणि घडी किंवा जोड दिसेल तिथे भोक पाडले. आकडे शेवटी ठोकले, केवळ सवयीने.

त्याने तेलकट फडक्याने चकती पुसली. शेवटचा आकडा वाचला. पुन्हा पुसली.

सत्तावीस.

तो स्टुलावर बसला. उजवा हात त्याने डाव्याखाली दाबून धरला.

उकडलेल्या शेंगांचा वाडगा घेऊन बायको, श्यू-ल्वान, खाली आली.

"झालं का रे, म्हातारबा?"

"पेइ-रूला सांग, गिऱ्हाईक बघ म्हणावं."

"कशाचं?"

"मशीनचं. चोवीस पाडायची होती, सत्तावीस पाडलीत."

बायकोने फोन काही उचलला नाही. डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला, शेंगा सोलल्या आणि प्रत्येक भोकापाशी एकेक दाणा मांडत गेली. पुरी फेरी झाल्यावर दाणे मुठीत गोळा करून टेबलावर मोजले.

"चोवीस."

"आकडा वाच ना. सत्तावीस लिहिलंय."

ती आकड्यांवरून बोट फिरवू लागली. "एक, दोन, तीन, पाच." बोट थांबले. मग भराभर पुढे गेले. "तेरा, पंधरा. तेवीस, पंचवीस." तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "चार कुठाय? चौदा? चोवीस?"

योंग-फाने चकती जवळ ओढली.

"तीस वर्षं कारखान्यात कपाटांवर आकडे ठोकलेस," ती म्हणाली. "चार ठोकलास कधी?"

"मरणाचा आकडा तो, 'चार' म्हटलं की 'मरण'च ऐकू येतं. चार नंबरचं कपाट घेणार कोण?"

"मग? हाताला काय ठाऊक तू रिटायर झालास ते."

तो हसला नाही. पण दाबून धरलेला हात सुटला, टेबलावर गेला आणि त्याने एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा.

"खा सगळे, म्हणजे पुन्हा मोजायला नकोत," ती म्हणाली. "आणि माझ्या बहिणीचं चक्र कर. आठवडाभर बिचारी सुरीने शेवया कापतेय."

दुपारभर खिटी टक्, टक् बसत राहिली. शेवटचा दाता पहिल्याशेजारी उतरला, तेव्हा योंग-फाने मशीन बंद केले आणि नखाने दोन्ही चाचपले. सारखेच जाड होते. त्याने श्यू-ल्वानला हाक मारली आणि चक्र तिच्या तळहातावर ठेवले. ते अजून गरम होते.

"फोन लावू?" तिने विचारले.

"लाव. मी बोलतो."

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंच्या कागदावर काढलेल्या घड्याळात अकरा आकडे होते. चार नव्हता.