शुक्रवारची शिट्टी

"लूमला शुक्रवारी तरी सुट्टी हाय, या टीव्हीला ती बी न्हाय," नामा खाटेवर कूस बदलत पुटपुटला.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, गुणाबाईनं ते ऐकलं, पण मुलाला, सागरला, आवाज कमी कर म्हणून सांगितलं नाही. उलट उठून तिनं मिक्सर लावला. चटणी कधीच वाटून झाली होती.

दोन वर्षांपूर्वी नामाच्या नाकातली गाठ काढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "कॅन्सर नाही. पण साधी म्हणून सोडू नका. ही परत येते, हाड पोखरत डोळ्यापर्यंत जाते." घरानं त्यातलं पहिलं वाक्य तेवढं जपलं आणि पाव्हण्यारावळ्यांत पेढ्यासारखं वाटलं. तपासणीची तारीख कधीच टळून गेली.

आठवडाभर गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खडखडाट सगळे आवाज झाकून टाकी. शुक्रवारी ते थांबले, की नामाच्या डाव्या नाकपुडीतून बारीक शिट्टी ऐकू येई, ऑपरेशनच्या आधी यायची तशीच. हा तिसरा शुक्रवार होता.

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही बंद पडला, मिक्सर थांबला. गुणाबाई शिट्टीची वाट पाहत उभी राहिली, आणि ती आलीच नाही. तिनं वळून पाहिलं. नामानं श्वास रोखून धरला होता. चेहरा लालबुंद, नजर छताला. सागर बंद टीव्हीकडेच बघत बसला होता.

"सोडा तो श्वास," गुणाबाई म्हणाली. "गाठ परत आली हाय."