तेवीस नंबरचं बी

माझी बायको सुनेत्रा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पावसच्या बागेत कलमांना पाणी देत होतो. बियांच्या कपच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत देऊन ती एसटीने परतत होती. बसमध्येच तिच्या छातीत कळ आली.

ती सोयाबीनवर संशोधन करायची. पुण्याच्या थंडीत सोयाबीन रखडतं, म्हणून हिवाळी पीक आमच्या बागेत घ्यायची. सोयाबीनचं तेल लवकर खवट होतं. ते टिकायला त्यात ओलेइक आम्ल जास्त हवं. दाण्यातली दोन जनुकं त्या आम्लाचं दुसऱ्या आम्लात रूपांतर करतात. ती दोन्ही बंद हवीत, प्रत्येकाची आईकडून आलेली प्रतही आणि बापाकडून आलेलीही. तिच्या संकरात असा दाणा सोळांत एखादाच. म्हणून ती कोंबाची बाजू सोडून प्रत्येक दाण्याची कपची काढायची. कपची तपासायला, उरलेला दाणा पेरायला. ते दाणे नंबर घालून अंड्यांच्या ट्रेमध्ये, कोठीत ठेवले होते.

सुतक फिटलं तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, मालनताईने, सगळं घर धुऊन काढलं. त्याच संध्याकाळी सुनेत्राच्या प्रयोगशाळेतल्या मृणालीचा फोन आला.

“काका, तेवीस नंबरमध्ये दोन्ही बंद आहेत. तो दाणा जपा.”

कोठीत ट्रे धुऊन पालथे घातले होते.

“ताई, ह्यातलं बी?”

“ते किडलेलं? कोंबड्यांना घातलं. एकूणएक दाणा कुरतडलेला. तांदळात कीड गेली असती म्हणजे?”

“सुनेत्राने कापले होते ते.”

“मग सांगायचं नाहीस, हरी? तोंड शिवलं होतं तुझं?” एवढं बोलली आणि पायरीवर बसली. “मला मेलीला काय ठाऊक,” ती हळूच म्हणाली.

कोंबड्यांचं पाणी सांडतं तिथे, खुराड्याच्या जाळीबाहेर, आठवड्याने सोयाबीनची चार-पाच रोपं उगवली. तेवीस नंबरचं त्यांत आहे की नाही, कोण सांगणार? मी भोवती चिरे रचले. तरी बागेत मन लागत नाही. फवारणी सोडून येतो, रोपं बघतो, परत जातो, पुन्हा येतो. ताई म्हणते, “बस रे जरा, तुझ्यापेक्षा कोंबड्या बऱ्या.”

मृणालीने सांगितलंय, प्रत्येक रोपाचं एकेक कोवळं पान पाठवा, लगेच कळेल. पाकिटं आणून ठेवली आहेत. पण कळेल म्हणजे ‘नाही’ असंही कळेल.

पानं अजून पाठवलेली नाहीत.