चाळीस मिनिटांवरचा विमानतळ

लेकाचं विमान आज आपल्याच टेबलावर आलंय, हे ताईंना पहाटे कामावर आल्यावर कळलं. एअरलाइनच्या कंट्रोल रूममध्ये त्या बावीस वर्षं डिस्पॅचर होत्या. विमानाने कुठल्या वाटेने जायचं, किती इंधन घ्यायचं, ठरल्या जागी उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, हे सगळं त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून ठरवायच्या. विमानातल्या माणसांना त्यांचा पत्ताही नसायचा.

नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. लेक लांब नोकरीला. पुढच्या गावी जाताना तो आज इथे संध्याकाळपर्यंत थांबणार होता. दोन वर्षांनी भेट होती.

धुकं नऊपर्यंत विरेल असं हवामानवाले म्हणत होते. ताईंना ते काही खरं वाटेना. त्यांनी पर्याय म्हणून चाळीस मिनिटांवरचा लहान विमानतळ लिहिला आणि वर थोडं जास्त इंधन घ्यायला लावलं.

"ताई, हे विमान मी बघू का?" इन्चार्ज जवळ येऊन म्हणाला. "तुमचा जीव अडकलाय त्यात."

"जीव दीडशे जणांचे आहेत त्यात. राहू द्या माझ्याकडेच."

नऊ वाजले, धुकं तसूभर हललं नाही. विमान वर घिरट्या घालू लागलं. बाकीच्यांची विमानं एकेक करून त्या लहान विमानतळाकडे वळायला लागली, तसा ताईंनी तिथे फोन लावला.

"विमानं उभी करायला दोनच जागा उरल्यात बाई," तिथला माणूस म्हणाला. "आणि विचारणारे चार."

"एक आमच्यासाठी धरून ठेवा ना."

"धरून कशी ठेवणार? आधी येईल त्याची."

तेवढ्यात कॅप्टनचा आवाज कानात आला. "धुकं पातळ होतंय म्हणतात. मी अजून पंधरा मिनिटं थांबू शकतो. तुमचं काय मत?"

ताईंनी आकडे पुन्हा मांडले. पंधरा मिनिटं थांबून लहान विमानतळ गाठता आला असता. पण तिथल्या जागा भरल्या, तर पुढच्या ठिकाणी पोचताना राखीव इंधनाला हात लागणार होता. 'थांबा' म्हटलं असतं तरी नियमात बसत होतं, कुणी बोट दाखवलं नसतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्यांनी स्वतःला विचारलं, त्या विमानात आपलं कुणीच नसतं तर?

"वळा," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

"ठीक. वळतोय."

बारा मिनिटांनी धुकं फाटलं. मागून आलेलं विमान अलगद उतरलं. दुसरं उतरलं. लहान विमानतळावरची ती दुसरी जागा शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

इन्चार्जने आकडे चाळले. "मीही हेच केलं असतं," तो म्हणाला. थोडं थांबून पुटपुटला, "बहुतेक."

अकराच्या सुमाराला लेकाचा फोन आला. "आई, आम्हाला इथूनच दुसऱ्या विमानाने पुढे पाठवतायत. तिकडे यायला मिळत नाही गं. आणि मजा म्हणजे आमच्या मागचं विमान उतरलं म्हणे तिथे! कुणाचं डोकं चाललं कोण जाणे."

"माझं," ताई म्हणाल्या.

पलीकडे गलका ऐकू येत होता, कुठेतरी लहान मूल रडत होतं.

"म्हणजे तू... तुला माहीत होतं मी आत आहे?"

"माहीत होतं रे."

पलीकडचा गलका जरा लांब गेला. मग म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवेन आता. तू काही खाल्लंस?"

"बिस्किटं दिली त्यांनी. आई, बोलावतायत बघ. पोचलो की करतो."

"कर."

ताईंनी फोन पालथा ठेवला. एक वाजता बदलीची डिस्पॅचर आली. लेकाला भेटायला ताईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती परत घ्यायची राहूनच गेली होती. खुर्ची सोडणं भाग होतं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून त्या आत बसल्या, पट्टा लावला आणि किल्ली हातात धरून तशाच बसून राहिल्या. घरी जाऊन काय करायचं, ते त्यांना काही केल्या सुचेना.