नळ चावतो

"हा तुकडा तुम्ही तुमच्या पिशवीतून काढलात," चेकर म्हणाले.

शिडीवर उभा असलेला वायरमन खाली बघत राहिला. त्याच्या हातात वायरचा वीतभर तुकडा होता. बोट लागलं की वरचं रबर जळक्या कागदासारखं गळून पडत होतं आणि आतली तार उघडी दिसत होती.

"काका, तुमच्यासमोर बोर्ड खोलला की!"

"खोललात समोर. पण मी मध्येच दाराला कडी लावायला गेलो होतो."

"मग आता दुसरी ओढतो. नीट बघा."

त्याने पक्कड लावून भिंतीतल्या पाइपमधून दुसरी वायर ओढली. तिचीही तीच गत. चेकरांनी टॉर्च मारून पाइपच्या तोंडात डोकावून पाहिलं, जणू आत कुणी दडून बसलंय. मग "हं" एवढंच म्हणून ते खुर्चीत बसले. खुर्ची त्यांनी मुद्दाम अशी ठेवली होती, की शिडीही दिसावी आणि कपाटही.

त्यांचं उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलं होतं. नोकरी संपली तरी गल्लीत त्यांना सगळे चेकरच म्हणत. खोटं बोलणारा माणूस चेहरा सांभाळतो, पण पाय चाळवतो, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून ते समोरच्याच्या तोंडाआधी पायांकडे पाहत. भाजीवाल्याचा काटा असो, दुधाचं माप असो की औषधावरची तारीख, तपासल्याशिवाय त्यांच्या घरात काही येत नसे. वायरमनला तर त्यांच्या मुलीने पाठवलं होतं. फ्यूज सारखा उडत होता, बाहेरच्या खोलीतल्या बोर्डाला जळकट वास येत होता. "बाबा, आजोबांच्या वेळचं वायरिंग आहे ते. बदलून घ्या, नाहीतर घर विका आणि आमच्याकडे या," असं ती फोनवर म्हणाली होती. त्या "नाहीतर"ने चेकरांचे कान उभे राहिले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. आधी वायरमन घाबरवणार, मग मुलगी समजावणार आणि शेवटी कुणीतरी कागदावर सही मागणार.

"सगळंच बदलावं लागेल काका," शिडीवरून उतरत वायरमन म्हणाला. "आणि अर्थिंगच नाहीये घराला. तीन पिनांचे प्लग बसवलेत, पण तिसऱ्या भोकात काही जोडलेलंच नाही. नुसती शोभा."

"हे तुम्हाला माझ्या मुलीने सांगितलं का?"

"त्यांना कसं कळणार? मी आत्ता बघितलं."

चेकरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय स्थिर होते. मुरलेला दिसतोय, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली. हल्ली ती चालताना भिंतीचा आधार घेई, आणि बोलायला तोंड उघडण्याआधी नवऱ्याकडे एकदा बघे. तसंच तिने आताही बघितलं आणि वायरमनला म्हणाली, "तेवढा बाथरूमचा नळही बघाल का? चावतो तो."

"झालं सुरू!" चेकर उठलेच. "अहो, ते तुमचं काम नाही. तिचं हे जुनंच आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत."

गेल्या वर्षापासून ती हेच सांगत होती. नळ चावतो, हाताला मुंग्या येतात, कोपरापर्यंत कळ जाते. चेकरांनी पहिल्याच दिवशी जाऊन नळ धरला होता, हलवला होता, सोडून पाहिला होता. काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नव्हतं. तिकीट हरवलंय असं गयावया करून सांगणारे त्यांनी पोत्याने पाहिले होते. पण घरातलं माणूस कशासाठी खोटं बोलेल? मग त्यांना वाटलं, खोटं नसेल, डोक्यात काहीतरी बिघडलं असेल. मुलीला त्यांनी तसं सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तिला विचारण्याआधी यांनाच विचारलं, आणि यांनी सगळं बयाजवार कथन केलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या घेतल्या की ती दुपारभर पेंगायची. हातातलं विणकाम गळून पडायचं. नळाबद्दल मात्र ती पुढे बोलेनाशी झाली. चेकरांना वाटलं, गुण आला.

वायरमन बाथरूममध्ये गेला. नळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

"बघितलंस?" चेकर म्हणाले.

ती वळून जायला लागली. वायरमनने टेस्टर खिशात ठेवता ठेवता सहज विचारलं, "काकू, कधी चावतो?"

ती थांबली. हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

"सकाळी. यांची अंघोळीची बादली भरताना. गिझर चालू असतो ना तेव्हा. बादली भरली की मी गिझर बंद करते, मग हे जातात."

वायरमनने वर लटकलेल्या गिझरकडे पाहिलं. "तुम्ही पायात काही घालता, बादली भरताना?"

"घरात कशाला चपला? हे घालतात. रबरी. फरशी गार लागते त्यांना."

वायरमनने गिझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्याने पुन्हा टेस्टर नळाला टेकवला, आणि त्याच्या मुठीत पिवळट उजेड पेटला.

चेकरांचा त्या उजेडावर विश्वास बसला नाही. टेस्टर कुणाचा? वायरमनचा. पाठवलं कुणी? मुलीने. हातचलाखी करणारे काय कमी पाहिलेत? त्यांनी चपला उंबऱ्यात काढल्या, ओल्या फरशीवर पाय टेकवला आणि हात पुढे केला.

"काका, हात नको!" वायरमन ओरडला.

तोवर बोटाचं मागचं पेर नळाला लागलं होतं. कुणीतरी आतून हाडावर सणकन काठी मारावी तसा हात मागे फेकला गेला. ते दारावर आपटले. वायरमनने झेप घेऊन बटण बंद केलं आणि त्यांच्या दंडाला धरलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? जीव गेला असता! गिझर आतून फुटलाय. करंट पाण्याच्या लोखंडी पाइपात उतरतोय. अर्थिंग असतं तर गिझर लावल्याबरोबर फ्यूज उडाला असता. इथे तो जायला वाट शोधतो, आणि वाट म्हणजे काकू."

चेकर धापा टाकत होते. त्यांनी खाली मान घातली, तर समोर बायकोचे पाय दिसले. टाचांना भेगा पडलेले, ओले, अनवाणी पाय. जन्मभर लोकांच्या पायांकडे बघत आलेल्या माणसाने हे पाय काही पाहिले नव्हते.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. आधी कपडा गुंडाळून सोडायचे. कपडा ओला झाला की जास्तच चावायचा. मग सवय झाली."

"सांगायचंस ना नीट!"

हे तोंडून गेलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकवेना. वायरमन उगाच पक्कड पुसत उभा राहिला.

ती मात्र चिडली नाही. तिने साध्या आवाजात विचारलं, "मग आता त्या गोळ्यांचं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी चेकर तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः दाराशी उभे राहिले. "तिला विचारा," एवढंच बोलले.

मग घरात वायरिंगचं काम निघालं. भिंतींना खाचा पडल्या, सिमेंटची धूळ भांड्यांवर बसली, अंगणात खड्डा खणून अर्थिंगची पट्टी पुरली गेली. गिझर भंगारात गेला. चेकर खुर्ची टाकून बसत नव्हते असं नाही, बसत होते. सवय कुठे जाते? एकदा त्यांनी नव्या वायरच्या गुंडाळीवरचा शिक्का भिंगातून वाचला, आणि वायरमनने मुद्दाम अर्धी गुंडाळी त्यांच्या मांडीवर ठेवली. "चव पण बघा काका." स्वयंपाकघरातून हसू ऐकू आलं. ते हसू चेकरांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, म्हणून गुंडाळी त्यांनी मांडीवरच राहू दिली.

प्लग कुठे हवेत, हे वायरमन तिला विचारत होता. ती हाताने जागा दाखवायची. खिडकीजवळ एक, विणायला दिवा लागतो म्हणून. पलंगाच्या तिच्या बाजूला एक. ही खोली अंधारी आहे, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, हे चेकरांना तेव्हा कळलं, तेही पलीकडच्या खोलीतून.

शेवटच्या दिवशी वायरमनने नव्या बोर्डावरचं एक बटण दाबून दाखवलं. खटकन सगळं घर बंद पडलं. "जरा कुठे गळती झाली की हे आपोआप पडणार. मग ते कुणाचं ऐकत नाही," असं म्हणून तो हत्यारं गोळा करायला लागला. चेकरांनी त्याला दारापर्यंत सोडलं. काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाले, "पायऱ्या सांभाळून उतरा."

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी ती आतून पिशवी घेऊन बाहेर आली. केस नीट विंचरलेले होते. गोळ्या कमी झाल्यापासून तिच्या डोळ्यांत जाग आली होती.

"थोरल्या बहिणीकडे जाते."

का, कशाला, तिने बोलावलं की तूच विचारलंस, मुलीला माहीत आहे का, किती दिवस, सगळे प्रश्न चेकरांच्या जिभेवर रांगेत येऊन उभे राहिले. त्यांनी एकेकाला मागे सारलं. पिशवी तिच्या हातातून घेतली आणि चपला अडकवून तिच्यासोबत निघाले.

बस आली तेव्हा त्यांनी पिशवी वर चढवून दिली. ती आत गेली, खिडकीपाशी बसली. तिने पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि समोर पाहिलं. बस सुटली तशी तिने मान वळवून एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात वर केला, पण तोवर बस वळणावर गेली होती.

थांब्यावर एक अनोळखी म्हातारा बसला होता. तो सरकून जागा करत म्हणाला, "बसा. घरच्या का?"

"हो. बहिणीकडे गेली."

"कधी येणार परत?"

चेकर बाकावर टेकले. रिकामे हात गुडघ्यांवर ठेवले.

"विचारलं नाही," ते म्हणाले.